रद्द झालेला थांबा

१

त्या बसच्या दाराचा दिवा लक्ष्मीकांतने स्वतः बसवला होता आणि त्याचा त्याला फार अभिमान होता.

गोष्ट तशी साधी. दाराच्या चौकटीत एक पितळी बटण. दार नीट लागलं की बटण आत दबतं आणि ड्रायव्हरसमोरचा लाल दिवा विझतो. दार नुसतं बोटभर किलकिलं राहिलं तरी बटण बाहेर येतं आणि दिवा लागतो. मोरारच्या वळणावर एक मुलगी उघड्या दारातून पडता पडता वाचली, तेव्हा मुलींच्या शाळेच्या कमिटीने त्याला बोलावून घेतलं होतं. पाटणकर बाजारात त्याचं मोटारींच्या वायरिंगचं लहानसं दुकान होतं. वडील रियासतीच्या दफ्तरात चांगल्या हुद्द्यावर होते, आणि मुलगा हात काळे करून पोट भरतो, हे नातेवाइकांत हलक्या आवाजात बोललं जायचं. पण दिवा बसवला त्या दिवशी कमिटीचे सेक्रेटरी तात्यासाहेब चारचौघांत म्हणाले, "याला म्हणतात डोकं! हा दिवा कधी खोटं बोलणार नाही." लक्ष्मीकांतने घरी येऊन ते वाक्य इंदूला, आपल्या बायकोला, सांगितलं, आणि जेवताना परत सांगितलं.

बस म्हणजे रियासतीच्या फौजेतला जुना ट्रक. फौज हिंदी सैन्यात मिळाली, ट्रक लिलावात निघाला, शाळेने घेऊन त्यावर लाकडी बॉडी चढवली. ती चालवणारे जगदेवरावही त्याच फौजेतून आलेले. लक्ष्मीकांतला मोटार चालवायला त्यांनीच शिकवलं होतं. रोज सकाळी बस हजिऱ्याहून निघायची, मोरार आणि थाटीपुर करत शहराच्या लश्कर भागातल्या शाळेत पोचायची, आणि दुपारी त्याच रस्त्याने परत. लक्ष्मीकांतची मुलगी शामला हजिऱ्यात सगळ्यांच्या आधी चढायची आणि सगळ्यांच्या शेवटी उतरायची.

छप्पन्नच्या नोव्हेंबरात मध्यभारत संपला आणि राजधानी इथून भोपाळला गेली. थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरांपुढे सामानाचे ट्रक उभे राहू लागले. बसमध्ये बाकं रिकामी दिसू लागली. क्वार्टरांच्या अगदी शेवटच्या ओळीतल्या मुली गेल्या, तेव्हा कमिटीने तिथला थांबा रद्द केला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी जगदेवराव दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहिले.

"लक्ष्मीकांत, बत्ती बघ न जरा. दार लागलेलं असतं आणि बत्ती जळून राहते."

२

लक्ष्मीकांत हसला. असले बिघाड त्याला पाठ होते. बटणात धूळ बसते. स्प्रिंग मरते. वायर कुठेतरी बॉडीच्या पत्र्याला घासून उघडी पडते आणि मग दिवा उगाच लागतो. त्याने बटण काढलं, काचकागदाने घासलं, नवी स्प्रिंग घातली. दार वीसेक वेळा आपटून पाहिलं. दिवा शहाण्यासारखा वागला.

दुसऱ्या दिवशी जगदेवराव परत आले. या वेळी त्याने वायर बदलली, दारापासून दिव्यापर्यंत सगळी. तिसऱ्या वेळी बटणच नवीन घातलं. हजिऱ्याच्या मैदानात बस उभी असताना काही म्हणजे काही दोष सापडत नव्हता.

"तुम्ही दार जोरात ओढून घेत नसाल," तो शेवटी म्हणाला.

"दार मी नाही ओढत. उषाताई ओढतात." उषाताई म्हणजे मुलींबरोबर बसणाऱ्या मास्तरीणबाई. "आणि चांगलं ओढतात. तू एकदा बस न बरोबर. स्वतः बघ."

त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. पण लक्ष्मीकांतला कुठेतरी लागलं. आपण केलेली वस्तू बघायला आपल्यालाच बोलावतात, असं.

३

सकाळी धुकं होतं. तो दाराजवळच्या बाकावर बसला. पुढे शामला मैत्रिणींबरोबर गाण्याच्या भेंड्या खेळत होती आणि वडील बसमध्ये आहेत म्हणून जरा जास्तच मोठ्याने गात होती. हजिरा सुटला, मोरार सुटलं. प्रत्येक थांब्यावर दार उघडायचं, दिवा लागायचा. दार लागायचं, दिवा विझायचा. मोरारला उषाताई चढल्या. लक्ष्मीकांतला आपल्या हातच्या कामाचं परत कौतुक वाटू लागलं.

थाटीपुरला क्वार्टरांची शेवटची ओळ आली. कुलपं लावलेली दारं, एक हिरवं फाटक, त्याच्यापुढे थांब्याचा रंगवलेला दगड. बस थांबणार नव्हती. वळणामुळे फक्त हळू झाली.

तेवढ्यात दाराच्या बाजूला बस थोडी खाली बसली. कुणी पायरीवर पाय ठेवला की बसते, इतकीच. आणि पुढे लाल दिवा लागला.

त्याने दाराकडे पाहिलं. खिटी नीट अडकलेली होती. त्याने खिशातून कागदाचा एक कपटा काढला आणि दार आणि चौकट यांच्या फटीत सरकवला. लागलेल्या दारात कागद जाता कामा नये. तो अलगद गेला. म्हणजे खिटी जेवढी ढिली होती, तेवढं दार बाहेर ओढलं गेलेलं होतं. त्याने खांदा लावून दार आत घेतलं. ते आलं. दिवा विझला. मग त्याच्या हाताखालून दार परत सावकाश बाहेर गेलं. जोर काही फार नव्हता. एखाद्या मुलाने दोन्ही हातांनी धरून ठेवलं असावं, तेवढाच.

बॉडी लाकडाची आहे, वळणावर पीळ पडत असेल, त्याने स्वतःला सांगितलं. थंडीत लाकूड आकसतं. पण रस्ता तर आता सरळ होता.

खिडकीतून पायरी दिसत नव्हती. डोकं बाहेर काढून खाली वाकलं असतं तर दिसली असती. त्याने डोकं बाहेर काढलं नाही. बाहेर फार गारठा आहे, असं त्याने ठरवलं.

शाळेच्या फाटकाशी दार उघडलं तेव्हा पायरी रिकामी होती.

दुपारी परतताना शाळेपासूनच दिवा लागलेला राहिला. जगदेवराव त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. थाटीपुरच्या त्या दगडापाशी त्यांनी बस थांबवली.

"उषाताई."

उषाताईंनी तोंड दुसरीकडे फिरवून दार उघडलं. कुणी उतरलं नाही. पाठीवर दप्तर असलेल्या लहान मुलीला उतरायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ जगदेवरावांनी जाऊ दिला. बस दाराच्या बाजूने किंचित वर आली. दार लागलं. दिवा विझला.

हजिऱ्यात सगळं सामसूम झाल्यावर लक्ष्मीकांतने त्यांना गाठलं. "जगदेवराव, हे काय आहे?"

"थांबलं की विझते. म्हणून थांबतो."

"पण कोण आहे तिथे? तिथल्या मुली तर भोपाळला आहेत. उषाताई म्हणाल्या, सगळ्या मजेत आहेत, शाळेत जातात."

"मला काय माहीत कोण आहे? मी ड्रायव्हर. थांबा आला की उतरवायचं."

"मग सकाळी पण थांबा न. सकाळी पण विझेल."

जगदेवराव काच पुसत होते. त्यांचा हात थांबला.

"सकाळी नाही," ते म्हणाले. "सकाळी तिथे दार उघडायचं नाही." आणि पुन्हा काच पुसू लागले.

४

तक्रार कुणाच्या तरी पालकांनी केली. ड्रायव्हर रिकाम्या थांब्यावर बस उभी करतो, दार उघडून वाट बघत बसतो, मुली घाबरतात. तात्यासाहेबांनी जगदेवराव आणि लक्ष्मीकांत दोघांनाही शाळेच्या ऑफिसात बोलावलं. कमिटीचे आणखी चारपाच लोक बसलेले होते.

"जगदेवराव म्हणतात, दिवा विझवायला थांबावं लागतं," तात्यासाहेब म्हणाले. "लक्ष्मीकांत, तुम्ही सांगा. दिव्यात काही दोष आहे का?"

"नाही," लक्ष्मीकांत म्हणाला.

हे खरंच होतं. इथवर तो खरं बोलला होता. 'दोष नाही, पण मी स्वतः पाहिलं आहे' एवढंच त्याला पुढे म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर होतं. पण खुर्च्यांवरचे सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि वायरमन भुताच्या गोष्टी सांगतो म्हणून ते संध्याकाळी घरोघरी कसे हसतील, हे त्याला दिसलं.

"मग दिवा लागतो कसा?"

"दार नीट लागलेलं नसेल." त्याला आपला आवाज ऐकू येत होता. "जगदेवरावांचं वय झालं आता. नजर पहिल्यासारखी राहिली नाही. आरशात दार लागलंय का उघडं आहे, हे त्यांना समजत नसेल."

जगदेवरावांनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. शिकाऊ पोराने गिअर चुकवला की ते बघायचे, तसं. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली, टेबलावर ठेवली, "रामराम" म्हणाले आणि निघून गेले. उत्तर द्यायला त्यांना कुणी सांगितलं नाही.

"दुसरा माणूस मिळेपर्यंत तुम्हीच चालवा," तात्यासाहेब लक्ष्मीकांतला म्हणाले.

घरी इंदूने विचारलं, "जगदेवरावांनी नोकरी का सोडली?"

"वय झालं," तो म्हणाला आणि हातपाय धुवायला मोरीत गेला. बराच वेळ पाणी ओतत राहिला.

५

आता तो त्यांच्या सीटवर बसू लागला. गादीवर त्यांच्या बसण्याचा खळगा होता. त्यात त्याला नीट बसता येत नव्हतं.

आणि सकाळी थाटीपुरच्या वळणावर दिवा लागायचाच. "काका, बत्ती!" मुली ओरडायच्या. शामलाही ओरडायची, "बाबा, बत्ती लागली न!" त्याला मान वर करायची लाज वाटायची. चांगल्या नजरेचा, तरणा माणूस चालवतोय आणि दिवा तरीही लागतोय. तो काय बोलला होता, ते हा दिवा रोज सगळ्या मुलींसमोर उघडं पाडत होता. दुपारी तो मुकाट त्या दगडापाशी थांबायचा. जगदेवरावांना ज्यासाठी काढलं, नेमकं तेच करायचा, फक्त घाईघाईने, चोरासारखं.

मग एके दिवशी तात्यासाहेबांचा निरोप आला. उद्या सकाळी बस येईल तेव्हा ते शाळेच्या फाटकाशी उभे राहणार होते, दिवा कसा चालतो ते बघायला.

दुसऱ्या दिवशी धुकं इतकं होतं की हिरवं फाटक अगदी जवळ आल्यावर दिसलं. लक्ष्मीकांतने ब्रेक लावला.

"उषाताई, दार उघडा."

"इथे?" उषाताई म्हणाल्या. "सकाळी?"

"उघडा."

त्यांनी दोन्ही हात मांडीवर दाबून धरले आणि नाही म्हणून मान हलवली. लक्ष्मीकांत उतरला, बसला वळसा घालून गेला आणि त्याने स्वतः दार उघडलं. एका बाजूला होऊन उभा राहिला. आपण कुणालातरी वाट करून देत आहोत, हे त्याला समजत होतं. तरी तो उभा राहिला. बस त्याच्यासमोर खाली बसली, आणि या वेळी परत वर आली नाही. आतल्या बाकाची फळी वाजली.

त्याने दार लावलं. ते गच्च, छान लागलं. पुढे येऊन पाहिलं तर दिवा विझलेला होता.

शाळेच्या फाटकाशी तात्यासाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "म्हणजे दोष माणसाचाच होता," ते म्हणाले.

६

त्यानंतर दिवा कधी उगाच लागला नाही. दुपारीही नाही. त्यामुळे थाटीपुरला थांबायचं काही कारण उरलं नाही आणि तो थांबलाही नाही. एकेक मुलगी उतरत जायची, मोरारला उषाताई उतरायच्या, आणि हजिऱ्यापर्यंत बसमध्ये एकटी शामला राहायची.

मुली गाणं म्हणेनाशा झाल्या. दाराजवळच्या बाकावर कुणी बसत नसे. मागे तिघीतिघी दाटीवाटीने बसायच्या. शाळेशी मुली उतरवताना उषाताई मोजायच्या, थांबायच्या, परत पहिल्यापासून मोजायच्या आणि मग मोजणं सोडून द्यायच्या. हे सगळं लक्ष्मीकांतला आरशात दिसत होतं. थंडी आहे, परीक्षा जवळ आल्यात, असं तो मनात म्हणायचा.

घरी एक नवीन गोष्ट सुरू झाली. शाळेतून आल्यावर शामला आत यायची आणि दार धरून उभी राहायची. क्षणभरच. मागून येणाऱ्यासाठी आपण धरतो तसं. मग लावायची.

"अगं, गार वारा येतो न!" इंदू म्हणायची. "दार कुणासाठी धरतेस?"

"सहजच," शामला म्हणायची.

काही दिवसांनी इंदू त्याला म्हणाली, "तुम्ही बघितलंत? हिला हाक मारली की ही आधी मागे वळून बघते. मग ओ देते. आपण दुसऱ्याच कुणालातरी बोलावलं असेल, असं."

त्या संध्याकाळी तो लश्करात शिंद्यांची छावणी म्हणतात त्या वस्तीत गेला. जगदेवरावांची खोली तिथे होती. गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. आत दिवा दिसत होता. काय तोंडाने सांगायचं? तो परत आला. पुढच्या आठवड्यातही तसाच गेला आणि तसाच परत आला. भीतीने अडवलं असतं तर ठीक होतं. त्याला अडवत होती ती नुसती लाज, आणि त्या लाजेपायी रोज दुपारी त्याची पोरगी त्या बसमध्ये एकटी बसत होती.

एका रविवारी तो अंगणात उन्हात बसून बॅटरीची टोकं घासत होता. शामला येऊन शेजारी बसली.

"बाबा, आपली बदली कधी होणार?"

"आपली कसली बदली?" तो हसला. "मी काय सरकारी नोकर आहे?"

"मग आपण इथे किती दिवस राहायचं? मला इथे नाही आवडत. सब लोग चले गये." ती नखाने जमीन उकरत होती. "आपलं घर चांगलं होतं. हिरवं फाटकवालं."

त्याच्या हातातली कानस खाली पडली. आवाज ऐकून इंदू दारात आली आणि म्हणाली, "काय झालं गं, शामला?"

मुलीने आधी मागे पाहिलं.

७

जगदेवरावांनी दार उघडलं, त्याला आत घेतलं, खाटेवर बसवलं. लक्ष्मीकांतला माफी मागायची होती. वाटेत त्याने वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही तोंडातून निघालं नाही. त्याने भराभर बस आणि शामला यांच्याबद्दल सांगितलं.

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं.

"सकाळी दार उघडलंस?"

"हो."

"आत आली?"

लक्ष्मीकांतने मान हलवली.

"मग दुपारी कुठे उतरवतोस?"

"कुठेच नाही. थांबतच नाही. दिवा लागतच नाही, तर…"

"दार शेवटचं कुठे उघडतं?"

"आमच्या घरापुढे," तो म्हणाला.

जगदेवराव उठले. खुंटीवरचा जुना फौजी कोट अंगात घालू लागले. बटणं लावताना म्हणाले, "उद्या दुपारी मी दाराशी बसतो. तू चालव. सगळ्या मुलींना आधी घरी सोड. मग तुझ्या मुलीला एकटीला घेऊन थाटीपुरला मागे फिर."

"शामलाला कशाला? तिला घरी ठेवतो न."

"ती शामलाच्या पाठी उतरते न तुझ्या घरी? मग शामला नसली तर ती बसमध्ये असेल का?"

"आणि तिथे काही झालं तर?"

"तू बाप आहेस. तू असशील न बरोबर," जगदेवराव म्हणाले. अगदी साधेपणाने म्हणाले. लक्ष्मीकांतला ते पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

८

दुसऱ्या दिवशी सगळ्या मुली उतरल्या. उषाताईंनी उतरताना जगदेवरावांना नमस्कार केला, लक्ष्मीकांतकडे पाहिलं नाही. हजिऱ्याच्या अलीकडे त्याने बस वळवली. ऊन उतरत आलं होतं, रस्त्याच्या कडेने शेकोट्या पेटत होत्या. मागे दाराजवळच्या बाकावर शामला बसली होती, बाकाच्या कडेला, शेजारी जागा सोडून. समोरच्या बाकावर जगदेवराव.

थाटीपुरचा दगड आला. त्याने बस थांबवली आणि इंजिन चालू ठेवलं.

"दिव्याकडे लक्ष ठेव," जगदेवराव मागून म्हणाले. "दार लागलं की निघायचं."

दार उघडल्याचा आवाज आला. समोर लाल दिवा लागला. लक्ष्मीकांत त्याच्याकडे बघू लागला.

"चल, बाळ," जगदेवराव म्हणत होते, मुलांशी बोलतात त्या आवाजात. "तुझं घर आलं. चल, उतर."

बाकाची फळी वाजली. लक्ष्मीकांतने आरशात एकदाच नजर टाकली. जगदेवराव पायरीशी वाकून उभे होते. त्यांनी हात पुढे धरला होता आणि त्या हातावर भार पडून तो खाली जात होता. हातात काही नव्हतं. त्यांच्या मागे शामला उठून उभी राहिली होती, पाठीवर दप्तर अडकवून.

त्याने नजर दिव्याकडे वळवली.

"येते मी," शामलाचा आवाज म्हणाला. "थांब न, मी पण येते."

"नाही. तू नाही," जगदेवराव म्हणाले. मग धडपड सुरू झाली. बूट फळीवर घासले. म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येऊ लागला. "सोड. सोड तिला. लक्ष्मीकांत! हिला धर. अरे, इकडे ये, हिला धर!"

त्याची सीट दारापासून फार लांब नव्हती. उठायचं होतं. त्याने उठायचं ठरवलंसुद्धा. पण मागे वळलो तर दारात दोघी दिसतील, आणि त्यांतली आपली कुठली हे आपल्याला ओळखू आलं नाही तर, असं त्याच्या मनात आलं, आणि पाय हलेनात. दिव्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय, त्याने स्वतःला सांगितलं. तेच तर सांगितलंय. त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि तो लाल दिवा बघत राहिला. मागे एक मुलगी रडत होती. मग दोन रडत असाव्यात असं वाटलं. मग बस दाराच्या बाजूने वर आली.

दार धाडकन लागलं. दिवा विझला.

इंजिनाशिवाय कसलाच आवाज राहिला नाही.

"शामला आहे न आत?" त्याने समोर बघतच विचारलं.

कुणी उत्तर दिलं नाही.

"जगदेवराव, शामला आहे न?"

"मागे बघ की," जगदेवराव म्हणाले. त्यांना धाप लागली होती.

तो वळला. जगदेवराव बाकावर बसले होते, कोटाची बाही खांद्यापाशी उसवलेली. त्यांच्या मांडीवर शामला होती. तिचं डोकं त्यांच्या छातीत खुपसलेलं होतं. तिच्यामागच्या काचेतून हिरवं फाटक दिसलं. ते आतून लागत होतं, हळूहळू. आणि लागता लागता तळाशी फ्रॉकचा एक चिमूटभर काठ आत ओढला गेला. शाळेच्या गणवेशाचाच. त्या शाळेत सगळ्याच मुलींचा तसाच होता.

"शामला," त्याने हाक मारली.

मुलीने डोकं वर केलं. मागे पाहिलं नाही. सरळ त्याच्याकडेच पाहिलं. अनोळखी माणसाकडे बघावं तसं बराच वेळ पाहिलं आणि परत म्हाताऱ्याच्या कोटात तोंड लपवलं.

तो बस चालवत हजिऱ्याला आला. इंदू दारात उभी होती. मुलगी धावत आत गेली आणि दार न धरता आईला बिलगली.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीकांत तात्यासाहेबांकडे गेला आणि दिव्याबद्दल, जगदेवरावांच्या नजरेबद्दल आपण खोटं बोललो, असं त्याने सांगितलं. तात्यासाहेबांच्या दिवाणखान्यात खोके बांधून ठेवलेले होते. त्यांचे जावई भोपाळला गेले होते, आता तेही निघाले होते. "असू द्या हो आता," ते म्हणाले. "मुलीच उरल्या नाहीत. बस तर आम्ही बंदच करतोय." शिक्षा करायलाही कुणाला सवड नव्हती.

मग तो शिंद्यांच्या छावणीत गेला. जगदेवरावांचा खांदा बांधलेला होता. या वेळी त्याने माफी मागितली, नीट, सगळी वाक्यं म्हणून. म्हातारा मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, "मुलगी कशी आहे?"

"बरी आहे. जेवते. हाक मारली की ओ देते." तो थांबला. "माझ्याजवळ येत नाही फारशी."

"येईल."

"जगदेवराव." त्याला खाली बघूनच विचारावं लागलं. "तुम्ही तिथे होतात. तुम्हाला दोघी दिसल्या असतील. आपण आणली ती…"

"तुझीच आहे," जगदेवराव म्हणाले. "मी बघितलं न."

लक्ष्मीकांतने मान हलवली. उठला, दारापर्यंत गेला. आणि त्याला राहवेना, म्हणून तो परत वळला.

"नक्की बघितलंत?"

म्हाताऱ्याने वर पाहिलं. ऑफिसात पाहिलं होतं तसंच. खोलीत संध्याकाळचा थोडासाच उजेड होता, आणि त्या उजेडात त्यांच्या उजव्या डोळ्यावर पिकलेल्या मोतीबिंदूचा पांढुरका पडदा धरलेला, लक्ष्मीकांतला पहिल्यांदाच दिसला.